चुलीपाशी रांगणारी मुलं: गावपातळीवर आगीपासून बचावाचं काम कसं करावं?

रानवाट

नमस्कार मंडळी,

दसरा उलटला की बीड, जालना, परभणी, नगर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या तळांवर कोप्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतील. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या या तळांवर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आमचा एक छोटा गट लहान मुलांच्या भाजण्याबद्दल काम करतो. यंदाची तयारी हंगामाआधी करायची आहे, म्हणून हा धागा काढतेय. गावात राहणारे, गावात वाढलेले, दवाखान्यात, शाळेत, महावितरणात काम करणारे, सगळ्यांनी लिहा.

आधी माझं म्हणणं मांडते. गावात आगीबद्दल जे काही प्रबोधन होतं ते दिवसाउजेडी होतं, शाळेच्या पटांगणात नाहीतर पंचायतीपुढे. समोर बसलेली असतात मोठी माणसं, त्यातही पुरुष जास्त. आणि लेकरं भाजतात ती पहाटे किंवा दिवेलागणीला, चुलीपासून दोन हातांवर, जिथे त्या सभेतलं कुणीच नसतं. त्यामुळे आम्ही सभा घेणं जवळपास सोडून दिलं आहे. आम्ही स्वयंपाकाच्या वेळेला घरी जातो आणि बाईला एकच विचारतो: तुम्ही भाकऱ्या थापताना धाकटं कुठे असतं?

या एका प्रश्नातून सगळं घर समजतं. कुणी म्हणतं मांडीवर. कुणी म्हणतं पाठीशी रांगत असतं. बऱ्याचदा उत्तर येतं, 'मोठी बघती की.' ही मोठी म्हणजे सात-आठ वर्षांची ताई. तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ, आणि तिलाच आई मधूनच 'जरा जाळ सार' म्हणून सांगते. आगीपासून मुलांना वाचवायचं काम या ताईला शिकवल्याशिवाय होणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसं भाजून मरतात आणि त्यातली बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर प्रमाणात भाजतात. अगदी लहान मुलं ज्वाळेपेक्षा उकळत्या पाण्यानं, दुधानं, डाळीनं जास्त पोळतात. आपली चूल जमिनीवर, वेळून ठेवलेला भात जमिनीवर, चहाचं भगुणं जमिनीवर. मूल धरून उभं राहायला लागलं की त्याचा पहिला आधार म्हणजे हाताला लागेल ती कड. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाला पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलाची कातडी पातळ, त्याला तेवढाही वेळ लागत नाही. अंघोळीच्या बंबातलं पाणी तर याहून कितीतरी कढत असतं.

आम्ही काय करतो ते थोडक्यात. चुलीच्या तिन्ही बाजूंनी तीन फुटांवर विटांचा एक थर लावून घेतो आणि ताईला सांगतो की बाळ या विटांच्या आत आलं की तू हाक मारायची, काम सोडून. घरात जागा असेल तर चूल ओट्यावर चढवायला लावतो. एवढ्या एका गोष्टीनं रांगणाऱ्या मुलाचा हात चुलीपर्यंत पोचायचा थांबतो. कढत भांडं उतरवायची जागा भिंतीकडची, येण्याजाण्याच्या वाटेवरची नाही. कोप्यांमध्ये चूल दाराबाहेर आणि वारा जिकडे वाहतो त्या अंगाला, म्हणजे ठिणगी कोपीवर न जाता मोकळ्या रानात जाईल. दोन कोप्यांमध्ये अंतर सोडा म्हणून मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्याला, आधीच सांगावं लागतं, एकदा उभ्या राहिल्या की कुणी हलवत नाही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आता सांगते. आग लागली की लहान मुलं पळत नाहीत, लपतात. खाटेखाली, कणगीमागे, गोधड्यांच्या ढिगात. भीती वाटली की डोळ्याआड व्हायचं एवढंच त्यांना ठाऊक असतं, आणि काडीशी त्यानंच खेळ केला असेल तर मार बसेल म्हणून तर ते आणखी आत शिरतं. आपण मोठ्यांनी त्याला 'काडेपेटीला हात लावलास तर बघ' एवढंच शिकवलेलं असतं. पुढचं वाक्य कधी शिकवत नाही, की चुकून लागलीच आग तर बाहेर ये, कुणी तुला काही बोलणार नाही. हे दुसरं वाक्य आम्ही आईबापांकडून मुलांसमोर मोठ्यानं म्हणवून घेतो.

मग खेळ. सगळी पोरं कोपीत बसवायची, डोळ्यांवर फडकं बांधायचं, आणि जमिनीलगत रांगत दार शोधून ठरलेल्या झाडापाशी जायचं. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते, म्हणून रांगायचं. झाडाला हात लावला की नाव ओरडायचं, आणि मागे वळायचं नाही. चप्पल, दप्तर, कोंबडीचं पिल्लू, कशासाठीच नाही. पोरं हा खेळ पुन्हा पुन्हा मागतात.

तुमच्या भागात काय धोके आहेत, काय उपाय चालले, काय नाही चालले, लिहा.

---

पिंपळपार

रानवाटताई, चांगला विषय. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, तेव्हा आमच्याकडे परिपत्रक येतं, आम्ही प्रतिज्ञा घेतो, चित्रकला स्पर्धा घेतो. पण त्या वेळी परीक्षा चालू असतात आणि ऊसतोडीची मुलं तर गावी परतायच्या वाटेवर असतात. म्हणजे ज्यांना गरज आहे ती वर्गात नसतातच. तुमचा डोळे बांधून रांगायचा खेळ मी दिवाळीच्या सुट्टीआधी घेईन.

एक शंका. पहिली-दुसरीच्या मुलांना आग विझवायला शिकवावं का? आमच्याकडे एका प्रात्यक्षिकात मुलांना वाळूची बादली फेकायला लावली होती. मुलं खूष झाली, मला मात्र काळजी वाटली.

---

रानवाट

पिंपळपार सर, मुळीच नाही. दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलाचं काम बाहेर पडणं आणि ओरडणं एवढंच. विझवायचं मोठ्यांनी. मुलाच्या हातात बादली दिली की ते आगीकडे तोंड करून उभं राहतं, आणि आपल्याला त्याची पाठ आगीकडे हवी आहे.

---

मोगरा_बीड

ताई, मी कोपीत वाढलेय. माझे आई-बाप कोयता होते, म्हणजे ऊस तोडणारी जोडी. आता मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

तुम्ही तळावरचं बरोबर लिहिलंय, पण फडावरचं, म्हणजे उसाच्या रानातलं, राहिलं. आई-बाप पहाटे तीनला उठत्यात, थंडीत चूल पेटती, भाकरी बांधली की चार-साडेचारला सगळे फडात. लहानगं लेकरू दोन पर्यायांत असतं. एक तर फडाच्या कडेला पाचटावर झोपवलेलं, नाहीतर कोपीत झोळीत टाकून मोठ्या बहिणीच्या भरवशावर सोडलेलं. आमच्याकडं रांगतं लेकरू लांब जाऊ नये म्हणून कमरेला लुगड्याचा पट्टा बांधून खाटेला किंवा मेढीला अडकवत्यात. आई हे मायेपोटीच करती, विहीर असती, ट्रॅक्टर असत्यात, दुसरा इलाज नसतो. पण कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वरून प्लॅस्टिकचा कागद. पेटली की बघता बघता जाती, आणि जळतं प्लॅस्टिक थेंबाथेंबानं खाली गळतं. बांधलेलं लेकरू कोण सोडवणार? म्हणून चूल विझवल्याशिवाय, निखाऱ्यावर पाणी ओतून राख हातानं चाचपून बघितल्याशिवाय फडात जायचं नाही, हे एवढं तरी तळावर बिंबवा. राखेखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो. आणि बांधायचंच असेल तर एका ओढीत सुटणारी गाठ मारायला त्या ताईला शिकवा. बैलाला बांधायची गाठ तिला येत असती.

आता दवाखान्याचं. माझ्याकडं भाजलेलं लेकरू येतं तेव्हा अंगाला काय काय लावलेलं असतं ते सांगते: हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, चुन्याची निवळी. हे सगळं खरडून काढावं लागतं तेव्हा लेकरू जे रडतं ते ऐकवत नाही. भाजल्याबरोबर साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. नळ नसेल तर तांब्यानं हळूहळू ओतत राहा. लगेच नाही जमलं तर तीन तासांच्या आत कधीही पाणी घातलं तरी फायदा होतो. बर्फ नाही. फोड फोडायचा नाही. आणि एक गोष्ट डॉक्टर सांगेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही: मनगटातला काळा दोरा, पायातले वाळे, कमरेचा करगोटा, हातातल्या बिंदल्या ताबडतोब काढा. भाजलेला भाग सुजतो आणि तो दोरा मांसात रुततो. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीचा कापून काढा.

लहान बाळ असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी, बाकीचं अंग कोरडं आणि पांघरलेलं. सगळ्या अंगावर पाणी ओतत राहिलं तर बाळ गारठतं. मग स्वच्छ सुती धुवट कापडानं झाकायचं आणि १०८ ला फोन. लेकराचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. अशा दहा पंज्यांएवढं भाजलं असेल तर सलाइनशिवाय चालत नाही, तालुक्याला न्यावंच लागतं. तोंड, हात, पाय, सांधा, गुप्तांग यातलं काही भाजलं असेल तर पंजाएवढं असलं तरी दाखवा. धुराच्या खोलीत सापडलेलं लेकरू वरून चांगलं दिसलं तरी दाखवा, आवाज बसला असेल किंवा नाकातले केस जळाले असतील तर पळतच.

---

वऱ्हाडी_माणूस

आमच्या यवतमाळकडे चुलीपेक्षा भेव कापसाचं हाये.

वेचणी झाली की भाव वाढन म्हणून शेतकरी कापूस घरातच ठेवते. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली छतापर्यंत भरलेली. पोट्टे त्याच्यावरच उड्या मारते अन् थंडीचे दिवस, ऊबही लागते, म्हणून झोपतेही तिथंच. त्याच खोलीत वरून लोंबणारा बल्ब, मोबाइलचं चार्जर, कुठं मच्छर अगरबत्ती. कापसाची आग आतल्या आत धुमसते. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी वाटते अन् रात्री पुन्हा उठते. धूर एवढा होते की झोपलेल्या माणसाले कळतही नाही.

आमच्या गावात काही घरांनी एवढंच ठरवलं: कापसाच्या खोलीत पोरं झोपणार नाही, लाइट नाही, बिडी नाही. जाचं असन तर बॅटरी घेऊन जा. हे आजीबाईनं सांगितलं तर घरात पाळल्या जाते, माणसानं सांगितलं तर नाही. तुमच्या कामात आज्यांना घ्या.

अन् घराले टेकून पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे, ढीग लावतात, त्याचंही पाहा. ढीग अंगणाच्या पार कडेले पायजे.

---

दूरदेशी

मी सध्या अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका लहान गावाजवळ राहतो. इथे ग्रामीण भागातली बहुतेक अग्निशमन दलं स्वयंसेवकांची आहेत. शेतकरी, मेकॅनिक, दुकानदार, फोन वाजला की धावतात. अमेरिकन रेडक्रॉसनं २०१४ पासून घरोघरी जाऊन फुकट धूरसूचक बसवायची मोहीम चालवली आहे. कार्यकर्ते घरात जातात, छताला यंत्र लावतात आणि त्या कुटुंबाला दोन मिनिटांत बाहेर पडायचा सराव करायला लावतात. असं काही आपल्याकडे करता येईल का? अशी यंत्रं आता फार महाग नाहीत. पैसे गोळा करायला आम्ही इथली मंडळी तयार आहोत.

---

रानवाट

दूरदेशी, मनापासून आभार. मोकळेपणानं सांगते, चुलीच्या घरात ते यंत्र टिकणार नाही. तिथे रोज दोन वेळा धूर होतो, म्हणजे रोज दोन वेळा ते कोकलणार, आणि दोन दिवसांत कुणीतरी त्यातला सेल काढून रिमोटला घालणार. त्यात त्या माणसाचा दोष नाही.

पण त्याच मोहिमेतला दुसरा भाग, घरात शिरून कुटुंबाकडून सराव करून घेणं, तो आपल्याला हवाच आहे. आणि यंत्रं द्यायचीच असतील तर आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या झोपायच्या खोल्यांत द्या. तिथे चूल वेगळीकडे असते, एका खोलीत पुष्कळ मुलं झोपतात, आणि रात्री दाराला कडी असते. कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेत ९४ मुलं गेली, ती आग मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून झावळ्यांच्या छपराला लागली होती. त्यामुळे शाळेतल्या स्वयंपाकाची जागा, छप्पर आणि बाहेर पडायची दारं ही तीन ठिकाणं मी कुठल्याही शाळेत गेले की आधी बघते. दुसरं दार असतं, पण त्यामागे जुने बाक रचलेले असतात.

पैशांतून आणखी एक करता येईल. मोगरानं सांगितलंय तसं भाजल्यावर पाणी लागतं, आणि तळावर पाण्याचाच दुष्काळ असतो. प्रत्येक दहा कोप्यांमागे झाकणाचा एक पिंप, फक्त याच कामासाठी, बादलीसकट. आगीलाही तोच, भाजलेल्या लेकरालाही तोच.

---

तारजोड

मी वायरमन आहे, तीस वर्षं खेडेगावातच काम केलं. विजेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

घरातल्या आगींची मुळं मी बोर्डात बघितली आहेत. एकाच पिनेवर पंखा, टीव्ही, मोबाइल आणि पाणी तापवायची कॉइल. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालतात. फ्यूजची तार बारीक असते ती वितळून जीव वाचावा म्हणून. तिथे जाड तार घातली की मग वितळते ती भिंतीतली वायर, आणि कुडाच्या घरात वायर सरळ बांबूवरून गेलेली असते. आकड्याच्या जोडणीला तर मधे काहीच संरक्षण नसतं, वरून ठिणग्या पडतात त्या गवतावर किंवा गंजीवर. आकडा काढा असं सांगितलं की लोक तुटून पडतात, म्हणून मी आधी एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण, बसवा म्हणतो. मुलांच्या घरात त्यासोबत गळती पकडणारा आरसीसीबी बसवला तर शॉकनं मूल मरायचं टळतं. मीटर असलेल्या घराला हा खर्च जमण्यासारखा आहे, एका सणाच्या कपड्यांएवढा.

बादलीत टाकायची कॉइल हा लहान मुलांचा वैरी आहे. बादली उघडी, पाणी कढत, वायर वाटेत. मूल हात घालतं किंवा वायरला अडखळून बादली अंगावर घेतं. बादली खोलीत आत ठेवायची, दाराला बाहेरून कडी, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात नाही.

मोबाइल गोधडीखाली चार्जिंगला लावून झोपतात पोरं. ऊब अडकते, बॅटरी फुगते. चार्जिंग भिंतीपाशी, स्टीलच्या ताटात ठेवून, झोपायच्या आत काढायचं.

---

आंबेकाजू

आमच्या कोकणात चूल दोन ठिकाणी, रांधपात (स्वयंपाकघरात) आणि न्हाणीत. न्हाणीतली चूल पहाटे पेटवून माणूस दुसऱ्या कामाला निघून जातो, तिच्याकडे लक्ष कुणाचंच नसतं, आणि तिथेच पोरं दात घासत, शेकत उभी असतात. थंडीत तर सगळी तिच्याभोवतीच. तिच्या वरच्या माळ्यावर पावसाळ्यासाठी सुकवलेली लाकडं, सोडणं (नारळाची सालं), झावळ्या. ते सगळं खाली उतरवून वेगळ्या पडवीत न्यायला हवं.

शेकण्यावरून आठवलं, नायलॉनचे फ्रॉक. आग लागली की नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. बाजारात स्वस्त मिळतं म्हणून मुलींना तेच घातलं जातं. चुलीशी, शेकोटीशी आणि फटाक्यांच्या वेळी सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे, ओढणी कमरेला खोचलेली. कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, जागच्या जागी थांबून जमिनीवर लोळायचं, तोंड हातांनी झाकून. पळालं की वाऱ्यानं भडकतं.

वणव्याचाही विचार करा. माघ-फाल्गुनात डोंगर पेटतो आणि पोरं विझवायला हातात डहाळ्या घेऊन धावतात, गावात त्याचं कौतुकही होतं. वारा फिरला तर चढावर आग माणसापेक्षा वेगानं चढते. पोरांना वाडीतच ठेवायला हवं. घराभोवतीचं गवत पौषातच काढून पट्टा मोकळा केला आणि पेंढ्याची उडवी घरापासून दूर रचली की निम्मी भीती जाते.

---

घंटागाडी

मी अग्निशमन दलातून निवृत्त झालो. पिंपळपार सरांनी ज्या सप्ताहाचा उल्लेख केला, तो १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या स्मरणार्थ असतो. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये पेटलं आणि त्यावरचा दारूगोळा फुटला. दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या नावानं होणारा सप्ताह फक्त चित्रकलेत जाऊ नये असं मलाही वाटतं. मुलांना मुलांच्या उपयोगाचं शिकवलं तर तो सार्थकी लागेल.

गावात आमची गाडी पोचायला वेळ लागतो. ती तालुक्याच्या नगरपरिषदेतून किंवा एमआयडीसीतून निघते, रस्ता खराब, आणि गल्लीत ती वळत नाही. म्हणजे पहिली १५-२० मिनिटं गावानं स्वतः निभवायची असतात. १०१ किंवा ११२ ला फोन लावताना गावाचं नाव, वस्तीचं नाव आणि मुख्य रस्त्यावर कुठली खूण आहे ते सांगा, आणि एक माणूस त्या खुणेपाशी उभा करा. आम्ही गाव शोधण्यात घालवलेला वेळ हा सगळ्यात वाईट वेळ. ज्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथे एका फोनवर सगळ्यांचे मोबाइल वाजतात, तिचा वापर आगीसाठीही करा.

तीन गोष्टी घरातल्या मोठ्यांसाठी.

पहिली, पेट्रोल. रेशनचं रॉकेल गेलं, आणि टपरीवर पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल मिळतं, म्हणून ओली लाकडं पेटवायला पेट्रोल वापरणारे मी पाहिले आहेत. रॉकेलची वाफ साध्या तापमानाला सहजासहजी पेट घेत नाही, पेट्रोलची थंडीतही घेते. आणि ती वाफ हवेहून जड असल्यानं जमिनीलगत सरपटत जाते, जिथे मूल बसलेलं असतं. पेट्रोल घरात नकोच, आणि शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच नको, मुलं पितात.

दुसरी, गॅस. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि कनेक्शनं घरोघर गेली. पण सिलिंडर भरायला परवडत नाही म्हणून चूलही चालू राहिली. आता बऱ्याच घरांत जमिनीवर शेगडी, शेजारी सिलिंडर आणि हाताच्या अंतरावर पेटती चूल असं चित्र असतं. गॅसही हवेहून जड. गळला तर खाली साचतो आणि थेट चुलीकडे जातो. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवा, दोन्ही चुलीच्या खोलीबाहेर न्या. नारंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, तिच्यावर साल छापलेलं असतं. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि साल असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी त्यापुढच्या तिमाह्या. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नका. वास आला तर बटण लावूही नका, बंदही करू नका. चूल पेटती नसेल तरच रेग्युलेटर बंद करून दारं उघडा, नाहीतर आधी मुलांना घेऊन बाहेर. मग १९०६.

तिसरी, कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. ताट झाका आणि जाळ काढा. पाणी घातलं की पेटतं तेल उसळून घरभर उडतं.

---

सावली

सगळं वाचलं. तरीही मनात येतं ते लिहिते. श्रीलंकेत विजय गोडकुंबुरा नावाचे शल्यविशारद होते. बाटलीत वात घालून केलेले दिवे कलंडून माणसं भाजत होती, त्यांच्यावर ते उपचार करत होते. नुसतं 'जपून वापरा' म्हणत न बसता त्यांनी दिवाच बदलला. बुटका, जड, दोन बाजूंनी चपटा म्हणजे पडला तरी घरंगळणार नाही, आणि फिरकीचं झाकण म्हणजे तेल सांडणार नाही. 'सुदीपा' त्याचं नाव. त्यासाठी त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला.

म्हणून विचारते, आपण त्या आईला किती शिकवायचं? तिला कोपी नको, पक्की खोली हवी. तिला पाळणाघर हवं. ती पहाटे तीनला उठते आणि आपण तिला विटा लावायला सांगतो.

---

रानवाट

सावली, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मला ते टाळायचं नाही. पाळणाघर नसेल तोवर मूल चुलीपाशीच असणार. कारखान्यांनी तळावर पत्र्याच्या का होईना शेड द्याव्यात, सामाईक उंच ओट्यावर चुली असाव्यात, पहाटे उघडणारं पाळणाघर असावं, या मागण्या आम्ही लेखी देतो, मुकादमांच्या सह्या घेऊन. ऊसतोड मुलांसाठी साखरशाळा आहेत, वसतिगृहांची योजना आहे, पण त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. शून्य ते पाचचं मूल कुठल्याच योजनेत नीट बसत नाही, आणि भाजतं तेच. स्थलांतरित मुलांना जिथे जातील तिथल्या अंगणवाडीत घेतलं पाहिजे, पण अंगणवाडी उघडते सकाळी, आणि आई निघते पहाटे. ही मधली वेळ ज्या दिवशी कुणी आपल्या अंगावर घेईल तेव्हा आमच्या विटांची गरज राहणार नाही. तोपर्यंत मी विटाही लावणार आणि अर्जही करणार.

---

मोगरा_बीड

सावलीताई, मी त्या कोपीतली म्हणून सांगते, माझ्या आईला कुणी विटा लावायला सांगितलं असतं तर तिला राग आला नसता. तिला राग यायचा तो 'लक्ष कुठं होतं तुझं' असं विचारणाऱ्यांचा. दवाखान्यात आजही पहिला प्रश्न आईलाच तो विचारला जातो. कुणीही जाणार असाल तर हा प्रश्न विचारू नका, ती पुढच्या वेळी लेकराला घेऊन येणारच नाही.

---

पिंपळपार

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी दोन विषय मांडतोय: घरांना लागून असलेल्या गंज्या हलवणं आणि वस्तीवर पाण्याचे पिंप. रानवाटताई, तुमच्या खेळाची माहिती एका पानावर लिहून द्याल का? मोगराताईंचा २० मिनिटं पाणी आणि दोरा-वाळे काढायचा भागही त्यात हवा. अक्षर मोठं ठेवा, अंगणवाडीताईंना भिंतीवर लावायचं आहे. आज्यांची बैठक मी हरिपाठानंतर देवळात ठेवतो, वऱ्हाडीभाऊंची सूचना मला पटली.

---

रानवाट

रविवारपर्यंत इथेच टाकते. मोगरा, औषधोपचाराचा भाग तू एकदा तपासून दे. घंटागाडी काका, फोनवर काय सांगायचं त्या चार ओळी तुमच्या शब्दांत लिहून द्या. तारजोड दादा, बोर्डाचं चित्र मिळालं तर बरं. मुकादमांना द्यायचा कागद वेगळा करू, त्यात कोप्यांमधलं अंतर, चुलीची बाजू आणि पिंप एवढंच असेल. गाड्या भरायच्या आधी तो त्यांच्या हातात पडायला हवा.